आमच्या टायमाला

डिसेंबर उजाडला की पन्हाळ्यावर दोन गोष्टी चढतात. धुकं आणि माजी विद्यार्थी. धुकं सकाळी दहाच्या आत उतरतं. माजी विद्यार्थी मुक्कामी असतात.

त्यांच्या आधी त्यांचा फ्लेक्स येतो. ‘बी.ए. भाग तीन, स्नेहमेळावा, पन्हाळगड’. वर शिवाजी महाराज, डावीकडे शाहू महाराज आणि उजवीकडे ज्याने फ्लेक्सचे पैसे दिले तो. आकाराने तिघंही सारखेच. खाली उरलेली मंडळी पासपोर्ट फोटोंत, नावापुढे हुद्दा आणि हुद्द्यापुढे कंसात ‘निवृत्त’. आज सत्तरीच्या घरात असलेली ही पिढी. गुडघे दुखतात म्हणून तीन दरवाज्यापर्यंतसुद्धा जात नाही, पण माइकपर्यंत धावत जाते.

मी गडावरच राहतो. त्यामुळे वर्गणी न भरता सगळी भाषणं ऐकायला मिळतात. खरं तर न ऐकण्याची सोयच नाही. वर्षानुवर्षं ऐकून माझी ती पाठ झालीत. प्रत्येकाची सुरुवात ‘आमच्या टायमाला’. आमच्या टायमाला अभ्यास होता. आमच्या टायमाला मुलींकडे मान वर करून बघायची टाप नव्हती. राजकारण नव्हतं. जातपात तर ठाऊकच नव्हती. आणि शेवटी, टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं: आम्हाला कुणी काही फुकट दिलं नाही, आम्ही स्वतःच्या हिमतीवर शिकलो! वाचकहो, एवढ्या वाक्यांत एखादं तरी चुकून खरं निघायला नको का? संभाव्यतेच्या शास्त्राचासुद्धा काही मान असतो.

अभ्यासाचं आधी उरकतो, कारण त्यांनीही तो असाच उरकला होता. जून ते जानेवारी कट्टा, फेब्रुवारीत गाईड, मार्चमध्ये ‘अपेक्षित प्रश्न’ आणि एप्रिलमध्ये अंबाबाई. ग्रंथालयाचं कार्ड तीन वर्षांनी परत करताना कोरं करकरीत असायचं, जणू संग्रहालयात ठेवायला जपलं होतं. पण माइक हातात आला की ह्यांना एकदम नामदार गोखले आठवतात. ‘ज्या राजाराम कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले...’ वगैरे. आता ही दिव्याची गोष्ट पुरी सांगायची तर तिची सुरुवात नाटकापासून होते. गोखल्यांना एका मित्राने नाटकाला नेलं आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले, असं सांगतात. ते भरून काढायला दिव्याचं तेल वाचवलं, म्हणून रस्त्यावरचा दिवा. म्हणजे आधी नाटक, मग दिवा! भाषणात नाटक गाळून दिवा तेवढा ठेवतात. आणखी एक गोष्ट गाळतात. गोखल्यांचे थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून कागलात पंधरा रुपये पगारावर नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दर महिन्याला धाकट्याला पाठवत राहिले. गोखले ते ऋण कधी विसरले नाहीत. आमच्या वक्त्यांच्या दिव्याखाली ते आठ रुपये मला एकदाही दिसले नाहीत. ते दिसले तर ‘स्वतःच्या हिमतीवर’चं काय करायचं?

आता त्या जातपात नसलेल्या सुवर्णयुगाकडे वळू.

हे वाक्य बोलणारा गृहस्थ विद्यार्थिदशेत राहायचा कुठे? मराठा बोर्डिंगात. त्याचा जिवलग मित्र? लिंगायत बोर्डिंगात. तिसरा जैन बोर्डिंगात, चौथा दैवज्ञ बोर्डिंगात, पाचवा नामदेव बोर्डिंगात. ह्यांना घरून पत्र यायचं तर पाकिटावर आधी नाव, मग जात, मग कोल्हापूर. पोस्टमनला ह्यांची जात ठाऊक, मेसच्या आचाऱ्याला ठाऊक, दारातल्या कमानीवर ती सिमेंटमध्ये कोरलेली. ठाऊक नव्हती ती फक्त ह्यांना. रोज दोन वेळा त्या कमानीखालून जाताना हे बहुधा डोळे मिटून घेत असावेत.

गैरसमज नको. त्या कमानी ज्याने उभ्या करवल्या त्या राजाची अक्कल ह्या सगळ्यांच्या अकलेची बेरीज करूनही उरेल एवढी होती. शाहू महाराजांनी आधी, 1896 साली, सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. कागदावर दार सगळ्यांना उघडं. आत मात्र ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी होती त्यांचीच मुलं स्थिरावली. कुणब्याचं पोर उंबऱ्याबाहेरच राहिलं. उघड्या दारातून कोण आत येतो हे दारावर ठरत नाही, ते दाराबाहेरच्या रस्त्यावर ठरतं, हे त्या माणसाला कळलं. (आपल्याकडच्या कित्येक कुलगुरूंना अजून कळायचं आहे.) मग 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग, त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग, पुढे लिंगायत, मुसलमान, 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, असं एकामागून एक. काहींची दारं इतरांनाही उघडी होती. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. त्याच राजाने 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला.

आणि आता मेळाव्यातलं भाषण ऐका. सुरुवात: ‘राजर्षी शाहूंच्या ह्या पुण्यनगरीत...’ शेवट: ‘ही आरक्षणं एकदाची बंद झाली पाहिजेत!’ मध्ये फक्त सतरा मिनिटं आणि एक चहा. 1902 चा हुकूम हारासकट मागे टांगलेला आहे आणि हे त्याच्याकडे पाठ करून बोलतायत. तर्कशास्त्रात ह्याला वदतोव्याघात म्हणतात. कोल्हापुरात ह्याला म्हणतात, काय डोकं फिरलंय काय रं तुझं.

जातपात नव्हती तर भाऊराव पाटलांना बोर्डिंगातून का काढलं, हेही एकदा माइकवरून सांगावं. कर्मवीरांचा फोटो व्यासपीठावर असतोच. बाकीच्यांचे फोटो आहेत म्हणून हाही. कुंभोजचं, 1887 चं हे पोर कोल्हापुरात शिकायला आलं आणि जैन बोर्डिंगात राहिलं. तिथे सोवळं-ओवळं कडक. पोराचं डोकं त्याहून कडक. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आले. पंगतीला बसण्याआधी अंघोळ करा, असा आदेश निघाला. का? तर अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आलात. भाऊराव म्हणाले, नाही करणार. झालं. बोर्डिंगाबाहेर! आणि हे करणारे अधीक्षक कोणी अडाणी भटजी नव्हते हो. ते होते अण्णासाहेब लठ्ठे. इंग्रजी विद्येत न्हालेले, सत्यशोधकांच्या चळवळीत वावरणारे, पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि 1937 च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झालेले विद्वान सुधारक. सुधारणा व्यासपीठावर, अंघोळ मात्र न्हाणीघरात! परंपरा जुनी आहे म्हणायची.

भाऊरावांना महाराजांनी वाड्यावर ठेवून घेतलं. पोराने मॅट्रिक काही गाठली नाही. आणि 1914 साली पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात ह्याच लठ्ठ्यांना अडकवायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आलं. तुरुंग झाला, छळ झाला, साक्ष काही दिली नाही. ज्याने जेवणाच्या ताटावरून उठवलं त्याच्यासाठी! आता सांगा, असा विद्यार्थी आजच्या कुठल्या रेक्टरला परवडेल? दाखल्यावर लिहून येईल: ‘वर्तणूक: असमाधानकारक. प्रगती: नाही.’ त्या असमाधानकारक वर्तणुकीने 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात असं बोर्डिंग काढलं की जिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळालं तेही शाहूंचंच. म्हणजे जातपात नसलेलं बोर्डिंग इतिहासात झालं, पण ते काढायला आधी एका बोर्डिंगातून हाकलून घ्यावं लागलं. आमच्या माइकवाल्यांना कुणी हाकललं नाही. ते निमूट अंघोळ करून जेवायला बसले होते.

राजकारणाची गोष्ट तर गडाच्या दगडांनाही हसू आणणारी. ‘आमच्या टायमाला कॉलेजात राजकारण नव्हतं’ हे जो सांगतो, तो त्या काळचा जी.एस. असतो. माजी जी.एस. म्हणूनच त्याला माइक मिळालेला असतो! वर्गावर्गाचे सी.आर. निवडून आले की त्यांच्या मतांवर जी.एस. ठरायचा. मग निकाल लागल्यापासून मतदानापर्यंत हे सी.आर. गायब. घरच्यांना सांगायचं, शैक्षणिक सहल आहे. सहल कुठे? इथेच, पन्हाळ्यावर. जीप भरून यायच्या. रात्री तांबडा-पांढरा, पहाटे शपथा, आणि फुटायची शक्यता असलेल्या एखाद्याच्या चपला काढून घेतलेल्या. 1660 साली ह्या गडावरून महाराज वेढा फोडून निघून गेले; ह्यांच्या वेढ्यातून बी.कॉम.चा सी.आर. सुटत नव्हता. आज आमदार फुटू नयेत म्हणून विमानाने परराज्यात नेतात तेव्हा हीच मंडळी वर्तमानपत्र आपटून म्हणतात, लोकशाही संपली. अहो, तालीम तुमच्याकडेच झाली. तुम्ही जीपमध्ये नेलेत, त्यांनी विमानात नेलं, एवढाच काय तो विकास. पुढे मारामाऱ्या वाढल्या, 1994 च्या कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या, 2016 च्या कायद्याने त्या परत आणल्या, आणि परत आलेल्या त्या निवडणुका अजून कागदावरून उतरायला तयार नाहीत. आता जी.एस. होता येत नाही म्हणून पोरं रील काढतात. त्याबद्दलही ह्यांची तक्रार आहेच.

आणि मुली. ‘मान वर करून बघायची टाप नव्हती.’ बरोबर आहे, मान वर करायची गरजच नव्हती, ही सगळी फौज जिन्याच्या पायऱ्यांवरच बसलेली असायची. गॅदरिंगला शेलापागोटी असायची, आपल्या पिढीचे लोक फिशपॉन्ड म्हणतात ती. एखादीच्या रंगावर, दातांवर, चालण्यावर दोन ओळी जुळवायच्या, चिठ्ठी टाकायची, मुलींच्या रांगेतलं एक तोंड पडेपर्यंत हॉल दणाणून सोडायचा. ह्याला निखळ विनोद म्हणत. विनोद निखळ, तर चिठ्ठीखाली सही का नसायची? यंदाच्या एका मेळाव्यात मागच्या रांगेत सहा-सात बायका बसल्या होत्या. सूत्रसंचालकाने त्यांची ओळख ‘आपल्या बॅचच्या भगिनी’ अशी एका दमात करून दिली, नावं वेळेअभावी राहिली. त्यांतल्या एक बाई संध्याकाळी तबक उद्यानात भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणाल्या, ‘मी तिन्ही वर्षं मागच्या जिन्याने वर्गात जायची. आज त्यातला एक जण विचारत होता, तू आमच्याच वर्गात होतीस का गं, कधी दिसली नाहीस.’ आणि मग मनापासून हसल्या. सगळ्या मेळाव्यात तेवढं एकच भाषण ऐकण्यासारखं झालं, आणि ते माइकवर नव्हतं.

राहिली हिंमत. स्वतःची.

पन्हाळा तालुक्यातल्या पोराला त्या काळात कोल्हापुरात शिकायचं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको, मीही त्याच एस.टी.ने शिकलो. पहाटे चुलीपुढे आई. भाकरी, झुणका, लसणीची चटणी, फडक्यात बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा. तो गावच्या फाट्यावर कंडक्टरच्या स्वाधीन. कंडक्टर डब्यांची ती चळत मागच्या सीटखाली लावून कोल्हापूरच्या स्टँडवर उतरवणार. दुपारी स्टँडवर पोरांची झुंबड: आपलं फडकं ओळखायचं आणि पळायचं. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. असं दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने. त्या कंडक्टरला ह्या हमालीचा भत्ता नव्हता. डबा हरवला तर शिव्या, पोचला तर काही नाही. सवलतीचा पास सरकारचा, भाकरी आईची, वाहतूक कंडक्टरची, खोली जातीच्या बोर्डिंगची, म्हणजे शाहू महाराजांची. आणि हिंमत तेवढी ह्यांची.

फी? सांगतो ना. यशवंतराव चव्हाण हे राजाराम कॉलेजचे 1938 चे पदवीधर. त्याआधी 1932 साली, मॅट्रिक व्हायच्याही आधी, अठरा महिन्यांची शिक्षा झालेले. पुन्हा एकदा, वर्तणूक असमाधानकारक. ते मुख्यमंत्री झाले आणि ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे त्यांच्या पोरांना फी माफ झाली. ई.बी.सी. सवलत. ह्या तीन अक्षरांनी पश्चिम महाराष्ट्राची एक अख्खी पिढी पदवीधर केली. शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी राधाकृष्णन यांच्या हस्ते सुरू झालं, तेव्हा तिकडे चीनशी युद्ध चालू होतं आणि चव्हाण चारच दिवसांत संरक्षणमंत्री होणार होते. देशावर एवढं संकट आलेलं असताना कुणी म्हटलं नाही की, तिजोरीत खडखडाट आहे, सागरमाळावर विद्यापीठ कशाला, ह्या शेतकऱ्यांच्या पोरांना फुकट शिकवून करायचं काय? म्हटलं असतं तर आजचे वक्ते आज कुठे असते? उसाला पाणी पाजत असते. तेही वाईट नव्हतं. निदान माइक नसता.

बरं, त्या बाराशेची एक गंमत आपल्या आपल्यात. तलाठ्याचा दाखला लागायचा. वारणेकाठची काळी जमीन, बारमाही पाणी, दारात दोन बैलजोड्या, गोठ्यात चार म्हशी, आणि उत्पन्न? अकराशे पंचाण्णव! गावच्या गाव त्या आकड्याखाली मान घालून बसलेलं. अख्ख्या तालुक्यात बाराशे एक रुपया मिळवणारा एकही बाप सापडला नाही. अर्थशास्त्राच्या इतिहासात एवढी काटेकोर गरिबी दुसरीकडे कुठे नोंदलेली नसेल. मी त्याला नावं ठेवत नाही. पोरं शिकली, चांगलं झालं. पण 2024 साली सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, तेव्हा ‘आळशी करून ठेवतील पोरींना’ असं ह्याच तोंडांनी म्हणावं? त्या बाराशेच्या दाखल्याने तुम्ही आळशी झाला होतात का? (हा प्रश्न विचारायला नको होता. काहींच्या बाबतीत उत्तर अवघड आहे.)

ह्या गडावरचा खरा जुना विद्यार्थी म्हणजे मोरोपंत. 1729 साली पन्हाळ्यावर जन्मले, इथल्या केशव आणि गणेश पाध्ये ह्या बंधूंकडे शिकले. पुढे त्यांनी आर्यांचे डोंगर रचले, रामायणावरच इतक्या तऱ्हा केल्या की एकात ओठ ओठाला लागू न देता सगळी कथा सांगून टाकली. (आमच्या वक्त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.) मॅट्रिकपासून एम.ए.पर्यंत पोरांच्या पिढ्या ह्या गृहस्थाने रडवल्या. पण एक गोष्ट पंतांनी केली नाही. शिकून सवरून चोविशीच्या सुमारास ते बारामतीला गेले, बाबूजी नाइकांच्या पदरी राहिले, आणि आपण कुणाच्या आश्रयाने वाढलो हे कधी लपवलं नाही. पन्हाळ्याच्या पोराने वर यायचं तर बारामतीला जाऊन आश्रय धरायचा, ही रीत अठराव्या शतकापासूनची आहे. तेव्हा त्यात लपवण्यासारखं आजही काही नाही. मग हे का लपवतात?

परवाच्या बॅचने समारोपाला ठराव केला: आपल्या जुन्या बोर्डिंगच्या आवारात ग्रॅनाइटचा बाक बसवायचा, त्यावर सगळ्यांची नावं कोरायची. टाळ्या झाल्या. मला न राहवून मी त्यांच्या अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, बाक कशाला, तेवढ्या पैशांत बोर्डिंगातल्या चार पोरांचं वर्षाचं मेसबिल भरा की.

‘अहो सर,’ ते म्हणाले, ‘हल्लीच्या पोरांना सगळं फुकट मिळतंय. आमच्या टायमाला...’

‘तुमच्या टायमाला ई.बी.सी.चा दाखला देणारा तलाठी कोण होता?’

ते जरा थांबले. डोकं खाजवलं. नाव काही आठवेना.

‘आणि डबा आणणारा कंडक्टर?’

‘चला सर, जेवायला बसू,’ म्हणाले, ‘रस्सा गार होतोय. तुमचं पान धरलंय आम्ही. वर्गणी-बिर्गणी काही नाही हं, तुम्हाला फुकट!’